अल्बममधले चार चेहरे

सत्र न्यायालयाने फाशी सुनावली आणि आरोपीने अपीलच केलं नाही, तर पुढे काय होतं? बहुतेकांना वाटतं, मग फाशी पक्की. तसं नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६६ प्रमाणे सत्र न्यायाधीशांना खटल्याचे सगळे कागद उच्च न्यायालयाकडे पाठवावेच लागत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०७ तेच सांगतं. उच्च न्यायालयाने शिक्षा कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही. आरोपी गप्प बसला, त्याच्याकडे वकील नसला, त्याला स्वतःलाच मरायचं असलं, तरी न्यायमूर्तींना पुरावा मुळापासून वाचावा लागतो.

जन्मठेपेच्या कैद्याला ही सोय नाही. त्याला अपील मागावं लागतं. पैसे नसतील तर तो तुरुंग अधीक्षकाकडे अर्ज देतो, त्याला ‘जेल अपील’ म्हणतात, आणि विधी सेवा समिती त्याला वकील नेमून देते. सुनावणीचा नंबर लागेपर्यंत कित्येकांची अनेक वर्षं आतच जातात. फाशीच्या फाइलकडे खंडपीठाचं जेवढं लक्ष जातं तेवढं या फाइलीकडे जात नाही, असं फौजदारी वकील खासगीत सांगतात, आणि त्यात तथ्य आहे.

अपील म्हणजे खटला पुन्हा चालवणं, हा दुसरा गैरसमज. अपिलात साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात येत नाहीत. ज्याने नातलग गमावला तो येत नाही, पंच येत नाहीत, तपासी अंमलदार येत नाही. येतं ते पेपरबुक: जबाब, पंचनामे, शवविच्छेदनाचे अहवाल, रासायनिक विश्लेषकाचं पत्र, खालच्या न्यायालयाचा निकाल, सगळं एकत्र बांधलेलं. जिल्ह्याच्या न्यायालयात मराठीत दिलेली साक्ष मुंबईला इंग्रजीत वाचली जाते. फेरपरीक्षा नव्हे, उत्तरपत्रिकेची फेरतपासणी, असं म्हटलं तर चूक ठरणार नाही. त्यामुळे पेपरबुकात जे आहे त्याच्याइतकाच वाद त्यात काय नाही, यावरही होतो.

घरात शिरून केलेल्या लुटीच्या आणि खुनाच्या खटल्यांत हे सर्वांत ठळक दिसतं. भाऊबंदकीतला खून असला तर आरोपी कोण, हे गावाला आधीच ठाऊक असतं. कारण ठाऊक असतं, बांधावरचं भांडण ठाऊक असतं. लुटारू मात्र अनोळखी. वेळ रात्रीची. घरात असलेल्यांपैकी बरेच जण मेलेले, आणि जो वाचला तो वाचला कारण त्याला मेला समजून सोडून दिलं. अशा खटल्यात सरकार पक्षाकडे साधारण तीनच गोष्टी असतात: वाचलेल्याने पटवलेली ओळख, लुटीतला माल, आणि नशीब असेल तर आरोपींपैकीच एखादा माफीचा साक्षीदार. अपिलात या तिन्हींवर घाव बसतात.

आधी माल. पोलीस ठाण्यात दोन पंच बसलेले असतात. आरोपी त्यांच्यासमोर म्हणतो, दागिने मी अमुक ठिकाणी पुरून ठेवलेत, चला दाखवतो. त्याचा निवेदन पंचनामा होतो. मग जीप निघते. आरोपी पुढे, पंच मागे. गोठ्याच्या कडेची माती उकरून फडक्यात गुंडाळलेलं पुडकं निघतं, त्यावर लाखेचं सील लागतं, सह्या होतात. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही. पण कबुलीमुळे वस्तू सापडली, तर त्या सापडण्याशी थेट जोडलेला भाग तेवढा चालतो. हा भाग नेमका किती, हे १९४६ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात ठरवून दिलं. निकाल लिहिला सर जॉन ब्यूमाँट यांनी, जे त्याआधी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांनी दिलेलं उदाहरण आजही कायद्याच्या प्रत्येक वर्गात सांगितलं जातं. समजा आरोपी म्हणाला, ‘ज्या सुऱ्याने मी अमक्याला भोसकलं तो घराच्या छपरात लपवलाय, काढून देतो.’ यातलं छपर चालेल, लपवणं चालेल, पण ‘ज्याने मी भोसकलं’ हे शब्द चालणार नाहीत. सुरा सापडल्याने सुरा कुठे आहे हे त्याला माहीत होतं एवढंच सिद्ध होतं. भोसकलं कोणी, हे त्यातून सिद्ध होत नाही.

उच्च न्यायालयात बचावाचा वकील बहुतेक वेळा इथूनच सुरुवात करतो. पंच कोण होते? याआधी याच ठाण्यासाठी त्यांनी किती पंचनाम्यांवर सह्या केल्या होत्या? जागा आरोपीच्या ताब्यातली होती की कुणीही जाऊ-येऊ शकेल अशी? मुद्देमाल सील केला होता, तर सीलचा उल्लेख ठाण्यातल्या मुद्देमाल नोंदवहीत का नाही? आणि दागिना ओळखला कसा? काळ्या मण्यांच्या सरीत दोन वाट्या, हे वर्णन तालुक्यातल्या निम्म्या मंगळसूत्रांना लागू पडतं. तुटलेला एखादा मणी, वाटीला दिलेला टाका किंवा सराफाची पावती, यांतलं काहीतरी लागतं. नुसतं ‘हे माझ्या सुनेचं आहे’ एवढ्यावर उच्च न्यायालय थांबत नाही.

माल खरंच त्या घरातलाच निघाला तरी प्रश्न संपत नाही. चोर तो खुनीच, असं मानायचं का? राजस्थानातल्या एका महंताच्या खुनात आणि लुटीत आरोपींकडे त्याचा ऐवज सापडला होता. सर्वोच्च न्यायालयाने पन्नासच्या दशकात सांगितलं की नुसत्या ऐवजावरून खून लादता येत नाही. १९९५ मध्ये मध्य प्रदेशातल्या खटल्यात त्याच न्यायालयाने उलटा निष्कर्ष काढला: खून आणि लूट एकाच ओघात झालेली, दागिने तीन-चार दिवसांतच आरोपीकडे आलेले, त्याची ऐपत तसले दागिने बाळगण्याची नाही आणि खुलासाही नाही, मग तो नुसता चोर नव्हे, खुनीही. दोन्ही निकाल आजही एकमेकांशेजारी उभे राहून वापरले जातात. चार दिवस की चार महिने, यावर माणसाची जन्मठेप अवलंबून असते.

आकड्याचाही एक पेच आहे. जबरी चोरी करणारे पाच किंवा अधिक असले तर कायद्यात तो दरोडा होतो, आणि दरोड्यात एकाने खून केला तरी सगळ्यांना फाशीपर्यंतची शिक्षा होऊ शकते. यासाठी भारतीय दंड संहितेचं जुनं कलम ३९६ होतं, आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१० मध्ये आहे. म्हणून ‘किती जण होते?’ हा प्रश्न फिर्यादीत सहज आलेला असला तरी अपिलात त्याचा कीस पडतो. सहांपैकी दोघे सुटले, उरले चार. मग दरोडा टिकतो का? बाकीचे सापडले नाहीत पण ते हजर होते, हे पुराव्यातून दिसत असेल तरच टिकतो.

आता ओळख, आणि तिच्यासाठी नाशिककडे जायला हवं.

५ जून २००३ च्या रात्री नाशिक परिसरातल्या एका बागेतल्या झोपडीत जेवणखाण आटोपून घरातले बसलेले असताना हत्यारं घेतलेले लोक आत शिरले. रोख रक्कम आणि अंगावरचे दागिने काढून घेतले. दोघींवर अत्याचार केले. पाच जणांना मारलं. आई आणि एक मुलगा, दोघंच वाचले, तेही गंभीर जखमी होऊन. नाशिक हादरलं. तपासाचा दबाव किती असेल, याची कल्पना करता येते. त्याच महिन्याच्या अखेरीपर्यंत पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा जण पकडले. मजुरी करणारी, अतिशय गरीब माणसं.

१२ जून २००६ रोजी नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २२ मार्च २००७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांची जन्मठेपेत बदलली. प्रकरण दोन्ही बाजूंनी दिल्लीला गेलं. आरोपींना सुटका हवी होती. सरकारला त्या तिघांची फाशी परत हवी होती. ३० एप्रिल २००९ रोजी न्यायमूर्ती अरिजित पसायत आणि मुकुंदकम शर्मा यांच्या खंडपीठाने सरकारचं अपील मान्य केलं आणि पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. अपिलाला गेलं म्हणजे शिक्षा कमीच होते किंवा तशीच राहते, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

या निकालातला पहिला घोटाळा शिक्षेचा होता. १९८० च्या बचन सिंग निकालात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं होतं की फाशी देताना गुन्हा पाहायचा तसाच गुन्हेगारही पाहायचा: वय, परिस्थिती, सुधारण्याची शक्यता. १९९५ मध्ये दोन न्यायमूर्तींनी राजस्थानच्या रावजी खटल्यात लिहिलं की गुन्ह्याचं स्वरूपच बघायचं, गुन्हेगाराचं नाही. छोट्या पीठाने मोठ्या पीठाला ओलांडलं होतं. २००९ च्या नाशिक निकालात रावजीचाच आधार होता. आणि त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी, १३ मे २००९ रोजी, महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका खटल्यात न्यायमूर्ती एस. बी. सिन्हा यांच्या पीठाने स्पष्ट केलं की रावजी निकाल चुकीच्या पायावर उभा आहे आणि त्याचा आधार घेणारे निकालही त्याच दोषाने ग्रासलेले आहेत. दोन आठवडे. नाशिकची सुनावणी मे महिन्यात पडली असती तर? कायद्याच्या पुस्तकात अशा प्रश्नाला जागा नसते. मृत्युदंडाच्या खटल्यात तो टाळताही येत नाही. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना लिहून अशा चुकीच्या आधारावर फाशी सुनावलेल्या तेरा कैद्यांची शिक्षा बदलण्याची विनंती केली. त्यात नाशिकचे हे कैदी होते. सहांपैकी एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीनच होता, हेही २०१२ मध्येच निष्पन्न झालं. म्हणजे ज्याला फाशी देताच येत नव्हती, त्याच्यावर तीन न्यायालयांनी फाशीची मोहोर उमटवली होती.

हे सगळं शिक्षेबद्दल. सहा जण दोषी आहेत याबद्दल तोवर कुणालाच शंका नव्हती, निदान निकालांत तरी.

पुनर्विचार याचिका पूर्वी न्यायमूर्तींच्या दालनात, वकिलांशिवाय, कागद फिरवून निकाली निघत असत. २ सप्टेंबर २०१४ रोजी मोहम्मद आरिफ निकालाने सांगितलं की फाशीच्या प्रकरणात तरी पुनर्विचार खुल्या न्यायालयात, तीन न्यायमूर्तींपुढे, वकिलांचं म्हणणं ऐकून व्हायला हवा. त्या दारातून नाशिकची फाइल परत आली. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचाच २००९ चा निकाल मागे घेतला आणि अपिलं पुन्हा ऐकायला घेतली.

आणि मग एक नोंद पुढे आली. घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जून २००३ रोजी, वाचलेल्या आईला पोलिसांच्या अल्बममधले सराईत गुन्हेगारांचे फोटो दाखवले गेले होते. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर तिने चार चेहऱ्यांवर बोट ठेवलं होतं: हेच ते. त्या चौघांना अटक झाली नाही. त्यांच्याविरुद्ध तपास झाला नाही. दोषारोपपत्रात ते आले नाहीत. खटल्यात ज्यांना उभं केलं ते सहा जण निराळेच होते.

ओळख परेडचं काय मोल आहे, हे इथे थांबून पाहायला हवं. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये परेड कशी घ्यायची याच्या सूचना आहेत. एक संशयित असेल तर त्याच्यासारखे दिसणारे निदान अर्धा डझन लोक रांगेत हवेत, दोन असतील तर दहा-बारा. पोलिसांनी त्या खोलीत थांबायचं नाही. साक्षीदाराला संशयित आधी दिसता कामा नये, वर्तमानपत्रातही नाही. शिवाय परेडमधली ओळख हा मुख्य पुरावा नसतोच. मुख्य पुरावा म्हणजे साक्षीदाराने न्यायालयात उभं राहून दाखवलेलं बोट. परेड त्याला आधार देते, एवढंच. म्हणूनच परेडला उशीर झाला, मधल्या काळात आरोपींना चेहरा न झाकता ठाण्यातून न्यायालयात आणलं-नेलं गेलं, तर तो आधार कच्चा होतो. वकील घटनास्थळाचा पंचनामा काढून विचारतात: साक्षीदार म्हणतो उजेड होता, मग पंचनाम्यात बल्ब कुठे आहे? कंदील तरी लिहिलाय का?

नाशिकच्या खटल्यात तर साक्षीदार बाईची पहिली, ताजी, दोन दिवसांतली ओळख दुसऱ्याच चौघांची होती. तिने नंतर न्यायालयात सहांकडे बोट दाखवलं, म्हणून ती खोटं बोलली असं म्हणावंसं मला तरी वाटत नाही. जिने घरातली पाच माणसं एका रात्रीत गमावली, तिच्यासमोर पोलीस काही आठवड्यांनी माणसं उभी करतात आणि हेच ते असं सगळं वातावरण सांगत असतं. आठवण अशा वेळी वाकते. वाकू नये म्हणूनच तर परेडचे नियम आहेत. दोष तिचा नव्हता. ७ जूनची नोंद ज्यांच्या हातात होती त्यांचा होता.

५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती ए. के. सिक्री, एस. अब्दुल नझीर आणि एम. आर. शाह यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. अल्बममधली ओळख सरकार पक्षाने दडवली, असं न्यायालयाने मानलं. घटनास्थळावरच्या बोटांच्या ठशांनी सरकारला साथ दिली नव्हती. वाचलेल्या दोघांच्या साक्षींवर एवढी मोठी शिक्षा उभी करता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. आरोपी भटक्या जमातीतले, समाजाच्या तळातले, गरीब मजूर आहेत, त्यामुळे त्यांना खोटं गुंतवण्याची शक्यता नाकारता येत नाही, असंही निकालात आहे. हे वाक्य महाराष्ट्रात वाचताना १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आठवतोच. तो १९५२ मध्ये रद्द झाला. दरोडा पडला की आधी पालं गाठायची, ही सवय रद्द करणारा कायदा अजून कुणी केलेला नाही.

एकच पेपरबुक, आणि त्याच्यावर चार निकाल: सहांना फाशी, तिघांना फाशी, सहांना फाशी, कुणालाच काही नाही.

सगळीच अपिलं अशी संपत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खून खटल्यात, १९७६ च्या त्या भयंकर महिन्यांत घरात घुसून केलेल्या खुनांबद्दल, पुरावा प्रत्येक पायरीवर टिकला. त्यात माफीचा साक्षीदार होता. माफीचा साक्षीदार स्वतः गुन्ह्यात सामील असतो, त्यामुळे त्याचा शब्द एकट्याने धरत नाहीत. महत्त्वाच्या मुद्द्यांवर दुसरीकडून दुजोरा लागतो. तो दुजोरा मिळाला. १९७८ मध्ये सत्र न्यायालयाची फाशी, १९७९ मध्ये उच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब, १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा नकार. शिक्षा व्हायला फार उशीर झाला, या मुद्द्यावर १९८३ मध्ये पुन्हा दार ठोठावलं गेलं; ते उघडलं नाही. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात चौघांना फाशी दिली.

पुण्याच्याच दुसऱ्या खटल्यात पुरावा टिकला आणि शिक्षा मात्र कोसळली. २६ ऑगस्ट १९९४ रोजी कोथरूड भागातल्या एका सदनिकेत एकाच कुटुंबातल्या सात जणांना मारून ऐवज लुटला गेला. मेलेल्यांत पाच बायका आणि दोन मुलं. आरोपींची त्या कुटुंबाच्या दुकानामुळे घरात ओळख होती. तिघांपैकी एक माफीचा साक्षीदार झाला, दोघांना १९९८ मध्ये फाशीची शिक्षा झाली, १९९९ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. एकाची फाशी राष्ट्रपतींनी २०१६ मध्ये जन्मठेपेत बदलली. दुसऱ्याने २०१८ मध्ये अर्ज केला: गुन्ह्याच्या वेळी मी अल्पवयीन होतो. सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितलं. राजस्थानातल्या शाळेचं रजिस्टर निघालं. त्यात नाव थोडं वेगळं होतं, म्हणून तो मुलगा हाच का, यावरच बराच खल झाला. २७ मार्च २०२३ रोजी न्यायालयाने मान्य केलं की त्या दिवशी त्याचं वय साडेबारा वर्षं होतं. बाल न्याय कायद्याप्रमाणे अशा मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता आलं असतं. तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ आत होता. सातही खुनांत त्याचा हात होता, हा निष्कर्ष कुणी बदलला नाही. वयाचा मुद्दा मात्र कायद्याने केव्हाही, अगदी शेवटच्या निकालानंतरही काढता येतो. मारल्या गेलेल्यांच्या नातेवाइकांना हे पचणं किती कठीण गेलं असेल, आणि ज्या कायद्यामुळे हे घडलं तो मला तरी योग्यच वाटतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

नाशिकच्या निकालाचे शेवटचे परिच्छेद फारसे वाचले जात नाहीत. सुटलेल्या प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला राज्य सरकारला सांगितलं गेलं. सुमारे सोळा वर्षांची ही भरपाई. ज्या अधिकाऱ्यांनी तपास असा केला त्यांची जबाबदारी ठरवायला राज्याच्या गृह खात्याला सांगितलं. आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३(८) खाली, त्या बाईने अल्बममध्ये दाखवलेल्या चौघांविरुद्ध पुढील तपास करण्याचा आदेश दिला. त्या कलमात मुदत लिहिलेली नाही. जो तपास ८ जून २००३ ला सुरू व्हायला हवा होता, त्याचा हुकूम मार्च २०१९ मध्ये निघाला.